चेंडूतला वाटा: डायनेस्टी फॅन्टसी फुटबॉलमध्ये नवोदित रिसीव्हरची किंमत कशी ठरवावी

फॅन्टसी लीगमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधतो आणि प्रत्यक्ष सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. अमेरिकन फुटबॉलच्या अशा लीगचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एका प्रकारात दर हंगामाला संघ नव्याने निवडला जातो आणि हंगाम संपताच मोडला जातो. दुसऱ्या प्रकाराला डायनेस्टी म्हणतात. तिथे एकदा घेतलेला खेळाडू आपण त्याला विकेपर्यंत, सोडून देईपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत आपल्याच संघात राहतो. एप्रिलच्या अखेरीस एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजातल्या खेळाडूंची क्रमाने निवड) पार पडला की मे ते ऑगस्टच्या दरम्यान प्रत्येक लीग आपला रूकी (नवोदितांचा) ड्राफ्ट घेते आणि त्या वर्षी कॉलेजातून वर आलेले खेळाडू लीगमधल्या संघांत वाटले जातात. न्यू जर्सी किंवा डॅलसमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकाला सहकाऱ्यांनी नुकतेच अशा लीगमध्ये घेतले आहे, किंवा जो पुण्यात बसून रविवारी रात्री १०:३० ला सुरू होणारे सामने पाहता पाहता या खेळात शिरला आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे.

येथे मी फक्त रिसीव्हरांचा, म्हणजे पुढे धावून पास झेलणाऱ्या खेळाडूंचा, विचार करणार आहे. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणारा खेळाडू, पहिल्याच वर्षी आपला दर्जा दाखवतो, पण लवकर झिजतो. पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकची किंमत लीगच्या नियमांवर फार अवलंबून असते. रिसीव्हरची कारकीर्द मात्र आठ-दहा वर्षे चालू शकते आणि नवख्या खेळाडूच्या सर्वांत महागड्या चुका याच जागेवर होतात. त्या चुकांचे मूळ बहुधा एकच असते, ते म्हणजे रिसीव्हरचा वेग, त्याची उंची, त्याचे नेत्रदीपक झेल आणि त्याचा नवा संघ यांकडे आपण आधी पाहतो आणि संघाच्या चेंडूतला किती वाटा त्याने आजवर स्वतःकडे ओढून घेतला आहे, हे सर्वांत शेवटी पाहतो. खाली दिलेल्या पायऱ्यांत हा क्रम उलटा केला आहे.

पहिली पायरी: आपल्या लीगचे नियम वाचावेत

ही पायरी छोटी असली तरी ती वगळू नये. बहुतेक डायनेस्टी लीगमध्ये पीपीआर पद्धत असते, म्हणजे प्रत्येक झेलाला १ गुण, चेंडू पुढे नेलेल्या दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेल्यावर, ६ गुण मिळतात. आठवड्याला किती रिसीव्हर उतरवता येतात, सुपरफ्लेक्स जागा आहे का, म्हणजेच दुसरा क्वार्टरबॅक खेळवता येतो का, आणि टॅक्सी स्क्वॉड आहे का, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. सुपरफ्लेक्स असेल तर क्वार्टरबॅक वर सरकतात आणि चांगले रिसीव्हर एक-दोन क्रमांक उशिरा हाती लागतात. नवोदितांना मुख्य संघाची जागा न अडवता ठेवता येणारा टॅक्सी स्क्वॉड असेल, तर हळूहळू पिकणाऱ्या रिसीव्हरची वाट पाहणे परवडते. आठवड्याला दोनच रिसीव्हर उतरवणाऱ्या लीगमध्ये मध्यम दर्जाच्या रिसीव्हरला फारशी किंमत नसते, कारण तसा खेळाडू कधीही सहज मिळतो.

दुसरी पायरी: एनएफएलने त्याला कितव्या क्रमांकावर घेतले ते पाहावे

एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या असतात आणि लीगमध्ये ३२ संघ आहेत. नवोदिताबद्दल आपल्याला मिळणारी सर्वांत मौल्यवान एकेरी माहिती कोणती, असे विचारले तर मी निःशंकपणे त्याचा ड्राफ्ट क्रमांक सांगेन. याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, संघांकडे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते. वैद्यकीय तपासण्या, मुलाखती, सरावाची दृश्ये आणि प्रशिक्षकांशी झालेली बोलणी यांतून तयार झालेले त्यांचे मत त्या एका आकड्यात उतरलेले असते. दुसरे कारण त्याहून व्यावहारिक आहे. ज्याच्यावर संघाने पहिल्या फेरीतली निवड खर्च केली, त्याला संधी द्यावीच लागते आणि तो चुकला तरी पुन्हा द्यावी लागते. ड्राफ्ट झालेल्या प्रत्येक खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो, पण पाचव्या वर्षाचा पर्याय संघाला फक्त पहिल्या फेरीतल्या खेळाडूंबाबत असतो. पाचव्या फेरीतल्या रिसीव्हरला दोन चेंडू हातून निसटताच बाकावर बसवता येते, पहिल्या फेरीतल्याला तसे करताना संघाच्या व्यवस्थापकाला स्वतःचीच चूक मान्य करावी लागते.

मात्र हा क्रमांक चुकूच शकत नाही, असे कोणी समजू नये. २०२० मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने २१ व्या क्रमांकावर टीसीयू कॉलेजचा जेलेन रेगर घेतला आणि लगेच २२ व्या क्रमांकावर मिनेसोटा वायकिंग्सने एलएसयू कॉलेजचा जस्टिन जेफरसन घेतला. पहिल्या हंगामात रेगरने ३१ झेलांत ३९६ यार्ड मिळवले, तर जेफरसनने ८८ झेलांत १,४०० यार्ड आणि ७ टचडाउन केले. पुढे २०२२ मध्ये जेफरसन १,८०९ यार्डांपर्यंत पोहोचला. त्याआधी २०१६ मध्ये याच वायकिंग्सने २३ व्या क्रमांकावर घेतलेल्या लाक्वॉन ट्रेडवेलने पहिल्या संपूर्ण हंगामात एकच झेल घेतला होता. उलट बाजूला, २०२१ मध्ये चौथ्या फेरीत ११२ व्या क्रमांकावर गेलेला अॅमन-रा सेंट ब्राउन आणि २०२३ मध्ये पाचव्या फेरीत १७७ व्या क्रमांकावर गेलेला पुका नाकुआ आहेत. नाकुआने पदार्पणाच्या हंगामात १०५ झेल आणि १,४८६ यार्डांसह नवोदितांचे दोन्ही विक्रम मोडले.

नवख्या माणसाच्या मनात ही नाकुआची गोष्ट घर करते आणि तो दरवर्षी पाचव्या फेरीत पुढचा नाकुआ शोधू लागतो. माझा आग्रह असा आहे की, हा मोह आवरावा. नाकुआ लक्षात राहतो, कारण त्याच्यासारखे फार थोडे असतात. त्याच फेऱ्यांत घेतलेले आणि दोन वर्षांत संघाबाहेर गेलेले रिसीव्हर कोणाच्याच आठवणीत नसतात. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांतले रिसीव्हर एका यादीत, तिसऱ्या फेरीतले दुसऱ्या यादीत आणि उरलेले तिसऱ्या यादीत लिहावेत. तिसऱ्या यादीतल्या खेळाडूला रूकी ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांतच स्थान द्यावे, मग त्याच्याबद्दल कितीही चांगले ऐकलेले असो. पुढच्या सर्व पायऱ्या एका यादीच्या आतला क्रम लावण्यासाठी आहेत. खेळाडूला एका यादीतून दुसऱ्या यादीत हलवण्याची वेळ क्वचितच यावी.

तिसरी पायरी: कॉलेजातला वाटा आणि तो मिळवतानाचे वय

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. कॉलेज फुटबॉलमध्ये काही संघ सामन्यात ५० वेळा पास टाकतात, तर काही २५ वेळाही टाकत नाहीत. त्यामुळे एखाद्याने १,२०० यार्ड केले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. कळते ते संघाच्या एकूण यार्डांत त्याचा हिस्सा किती होता यावरून. हा हिस्सा काढण्याची जुनी आणि सोपी रीत डॉमिनेटर या नावाने ओळखली जाते. संघाच्या पासवरच्या यार्डांतला त्याचा टक्का आणि पासवरच्या टचडाउनमधला त्याचा टक्का यांची ती सरासरी असते. समजा, संघाने हंगामात पासवर ३,००० यार्ड आणि २४ टचडाउन केले आणि आपल्या रिसीव्हरने त्यांपैकी १,०५० यार्ड आणि ९ टचडाउन केले. यार्डांतला वाटा ३५ टक्के आणि टचडाउनमधला वाटा ३७.५ टक्के होतो, म्हणून डॉमिनेटर ३६.२५ टक्के येतो. तो दुखापतीमुळे तीन सामने बाहेर असेल, तर संघाचे त्या तीन सामन्यांतले आकडे वगळूनच भागाकार करावा. अनेक जण ही दुरुस्ती विसरतात आणि चांगला खेळाडू स्वस्तात दुसऱ्याला देऊन बसतात.

टचडाउन हे काही अंशी नशिबाचे असल्यामुळे मी याच्या जोडीला आणखी एक भागाकार करतो. रिसीव्हरच्या यार्डांना संघाने टाकलेल्या एकूण पासांच्या संख्येने भागले की प्रत्येक पासामागे त्याने किती यार्ड दिले हे कळते. तो किती रूट, म्हणजे पास घेण्यासाठी आखलेले मार्ग, धावला याचे नेमके आकडे सहसा पैसे भरून मिळतात, पण हा भागाकार सर्वांना उपलब्ध असलेल्या आकडेवारीतून पाच मिनिटांत होतो आणि नवख्यासाठी तो पुरेसा आहे.

आता वयाचा प्रश्न येतो. हा वाटा त्याने प्रथम कोणत्या वयात मिळवला, याला ब्रेकआउट एज म्हणतात. अभ्यासकांत ३० टक्क्यांचा उंबरठा रूढ आहे, काही जण २० टक्केही धरतात. १९ वर्षांचा मुलगा आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या सहकाऱ्यांकडून चेंडू स्वतःकडे वळवतो, तेव्हा त्यात अंगभूत गुण असण्याची शक्यता मोठी असते. २३ वर्षांच्या तरुणाने कॉलेजातल्या पाचव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या बचावपटूंसमोर तेच केले, तर त्यात वयाचा आणि बळाचा भाग किती हे सांगता येत नाही. जेफरसनचे उदाहरण येथे फार बोलके आहे. २०१९ मध्ये एलएसयूकडून त्याने १११ झेल आणि १,५४० यार्ड केले, तेव्हा बऱ्याच जणांनी त्याचे श्रेय क्वार्टरबॅक जो बरोला आणि त्या वर्षीच्या असामान्य आक्रमणाला दिले. पण आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, तोच संघ सामान्य पासिंग करत असतानाही १९ वर्षांचा जेफरसन ८७५ यार्डांसह संघात पुढे होता. ज्यांनी हे वर्ष उघडून पाहिले, त्यांना २०२० च्या रूकी ड्राफ्टमध्ये उत्तर आधीच मिळालेले होते.

वाटा मोजताना सहकारी कोण होते हेही पाहिलेच पाहिजे. २०२१ मध्ये ओहायो स्टेटच्या संघात गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे हे दोघे होते आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते अनुक्रमे १० व्या व ११ व्या क्रमांकावर निवडले गेले. त्या दोघांच्या उपस्थितीत जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने ९५ झेल आणि १,६०६ यार्ड करून संघात पहिला क्रमांक पटकावला. त्याचा टक्का कागदावर मध्यम दिसतो, पण पहिल्या फेरीतले दोन खेळाडू बाजूला उभे असताना मिळवलेला असा टक्का एखाद्या दुबळ्या संघात मिळवलेल्या ४० टक्क्यांपेक्षा मी वरचा मानतो.

एक सावधगिरी आणखी बाळगावी. पूर्वी शाळा संपल्यापासून तीनच वर्षांत, म्हणजे नियम परवानगी देतो त्या पहिल्याच संधीला, ड्राफ्टमध्ये उतरणे हे गुणवत्तेचे चांगले लक्षण होते. २०२० च्या कोविड हंगामामुळे खेळाडूंना कॉलेजात एक वर्ष वाढवून मिळाले, २०२१ पासून कॉलेजातच नाव आणि प्रतिमा यांवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि एका कॉलेजातून दुसरीकडे जाणेही सोपे झाले. त्यामुळे आता चौथे वर्ष कॉलेजात काढणारा प्रत्येक जण कमी दर्जाचा असतो, असे म्हणता येत नाही. अशा खेळाडूचे पहिल्या तीन वर्षांतले आकडे पाहावेत आणि चौथ्या वर्षाला थोडे कमी वजन द्यावे.

चौथी पायरी: दृश्ये पाहावीत, पण योग्य प्रश्न घेऊन

आकडे कुठे फसवतात, हे समजण्यासाठी २०१९ चा ड्राफ्ट अभ्यासावा. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ३२ व्या क्रमांकावर ॲरिझोना स्टेटचा एन्कील हॅरी घेतला. त्याचा कॉलेजातला वाटा मोठा होता, तो लहान वयात मिळवलेला होता, आणि शरीरही भक्कम होते. दुसरी आणि तिसरी पायरी त्याने आरामात ओलांडली. त्याच्यानंतर डीबो सॅम्युअल ३६ व्या, ए. जे. ब्राउन ५१ व्या, डीके मेटकाफ ६४ व्या आणि टेरी मॅकलॉरिन ७६ व्या क्रमांकावर गेला. पहिल्या वर्षी हॅरीने १२ झेल आणि १०५ यार्ड केले, ब्राउनने ५२ झेलांत १,०५१ यार्ड केले, आणि २०२२ मध्ये पेट्रियट्सने सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात हॅरी शिकागोला देऊन टाकला.

हॅरीच्या दृश्यांत एक गोष्ट सतत दिसत असे. तो बचावपटूच्या अंगावर चढून, उंच उडी घेऊन चेंडू हिसकावत असे, पण त्याच्यापासून सुटून मोकळा होत नसे. असे झेल पाहताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात आणि म्हणूनच ते धोक्याचे असतात. कॉलेजातला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) अशा झटापटीत हरतो, एनएफएलमधला सहसा हरत नाही. तेव्हा निवडक क्षणांच्या चित्रफिती बाजूला ठेवून दोन-तीन पूर्ण सामने पाहावेत आणि स्वतःला मोजके प्रश्न विचारावेत. चेंडू हातात येतो त्या क्षणी त्याच्या आणि बचावपटूच्या मध्ये किती मोकळी जागा आहे? समोरचा खेळाडू सुरुवातीलाच त्याला हातांनी रोखतो, म्हणजे प्रेस करतो, तेव्हा तो सुटतो का? तो फक्त स्लॉटमधून, म्हणजे आतल्या जागेवरून धावतो की बाहेरूनही? त्याचे झेल पुढे धावत घेतलेले आहेत, की क्वार्टरबॅकने जागच्या जागी हातात दिलेल्या स्क्रीन पासचे आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्क्रीन असे आले, तर तिसऱ्या पायरीत काढलेला टक्का मनातल्या मनात खाली आणावा, कारण तो वाटा त्याने कमावलेला नसून प्रशिक्षकाने त्याला दिलेला असतो.

मॅकलॉरिनबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर, या लेखातली कोणतीही पायरी त्याला पकडू शकली नसती. तो ओहायो स्टेटमध्ये पाच वर्षे होता आणि शेवटच्या वर्षी त्याने ३५ झेलांत ७०१ यार्ड केले. असे खेळाडू हातून सुटणारच, आणि ते सुटले म्हणून पद्धत बदलू नये.

पाचवी पायरी: वेग आणि वजन

या गोष्टीला थोडाच वेळ द्यावा. २०१७ मध्ये जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या वर्षी त्याने एकही झेल घेतला नाही, आणि पुढेही एकाही हंगामात तो ६०० यार्डांपर्यंत पोहोचला नाही. त्याचा विक्रम २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ सेकंद धावून मोडला, पण त्याच ड्राफ्टमधल्या मलिक नेबर्सने आणि लॅड मॅकॉन्कीने पहिल्या वर्षी त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक यार्ड केले. वेग हा चाळणीसारखा वापरावा. अगदी संथ खेळाडू गाळावा आणि उरलेल्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागावरून क्रम लावू नये. वजनाबाबतही तेच म्हणता येईल. डेव्होंटा स्मिथ सुमारे १७० पौंडांचा असल्याने टिकणार नाही, असे २०२१ मध्ये अनेक जण म्हणत होते. तो कॉलेजातल्या शेवटच्या हंगामात १,८५६ यार्ड आणि २३ टचडाउन करून कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार घेऊन आला होता, आणि २०२२ मध्ये त्याने ईगल्ससाठी ९५ झेल व १,१९६ यार्ड केले.

सहावी पायरी: नवा संघ, पण सर्वांत शेवटी

ड्राफ्टच्या रात्री सर्वांत मोठा आवाज याच विषयाचा असतो. क्वार्टरबॅक चांगला आहे का, आधीचे रिसीव्हर कोण आहेत, प्रशिक्षक पास किती टाकतो, यांवर आठवडाभर चर्चा चालते आणि खेळाडूंच्या किमती वर-खाली होतात. यातली बरीचशी हालचाल निरर्थक असते, कारण डायनेस्टीत आपण खेळाडू आठ वर्षांसाठी घेतो आणि एनएफएलमधली परिस्थिती दोन वर्षेही टिकत नाही. गॅरेट विल्सन २०२२ मध्ये जेट्सकडे गेला. त्या हंगामात तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांनी सामने सुरू केले, तरीही त्याने ८३ झेलांत १,१०३ यार्ड करून आक्रमणातल्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळवला. २०२४ मध्ये जायंट्सकडे गेलेल्या नेबर्सचीही तीच कथा आहे. हंगामाच्या मध्यावर संघाने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला सोडून दिले, तरी नेबर्सचे १०९ झेल आणि १,२०४ यार्ड झाले. जामार चेस सिनसिनाटीला गेला तेव्हा तिथे टी हिगिन्स आणि टायलर बॉइड हे दोन रिसीव्हर होते, आणि त्यामुळे त्याचा वाटा कमी होईल अशी शंका व्यक्त होत होती. त्याने पहिल्याच वर्षी १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले.

तेव्हा समान दर्जाच्या दोघांत निवड करायची असेल तेव्हाच संघाकडे पाहावे. ज्याच्या नव्या संघामुळे लीगमधले इतर लोक नाराज झाले आहेत आणि ज्याची किंमत केवळ त्या कारणाने घसरली आहे, तो खेळाडू बहुधा उत्तम खरेदी ठरतो.

सातवी पायरी: रूकी ड्राफ्टच्या दिवशीचा व्यवहार

यादीत खेळाडूंना एकामागून एक क्रमांक देण्यापेक्षा त्यांचे गट पाडावेत. ज्यांच्यात आपल्याला खरोखर फरक दिसत नाही, ते एका गटात ठेवावेत. आपली पाळी आली आणि गटात अजून चार नावे शिल्लक असतील, तर तीन क्रमांक खाली सरकून बदल्यात पुढच्या वर्षाच्या ड्राफ्टमधली एखादी निवड, म्हणजे खेळाडू निवडण्याची पाळी, मागावी. गटात एकच नाव उरले असेल, तर ते घ्यावे. निवडीची किंमत हंगामभर कमी असते आणि रूकी ड्राफ्ट जवळ येईल तशी वाढत जाते, प्रत्यक्ष पाळी आल्यावर ती शिगेला पोहोचते. म्हणून निवडी हिवाळ्यात घ्याव्यात आणि विकायच्या असतील तर मे महिन्यात विकाव्यात. आपल्या संघाला रिसीव्हरची गरज आहे की नाही, हा प्रश्न या दिवशी मनात आणू नये. गरज पुढच्या वर्षी बदललेली असते आणि घेतलेला खेळाडू मात्र तसाच असतो.

आठवी पायरी: पहिल्या हंगामानंतर किंमत पुन्हा ठरवावी

मे महिन्यात ठरवलेली किंमत जानेवारीत पुन्हा तपासावी, कारण आता खऱ्या एनएफएलमधला वाटा आपल्यासमोर असतो. येथे एकूण गुणांकडे पाहणारा फसतो. तो मैदानावर किती वेळ होता, किती रूट धावला, संघाने टाकलेल्या पासांपैकी किती त्याच्या दिशेने आले आणि हंगामाच्या दुसऱ्या अर्ध्यात हे प्रमाण वाढले का, हे पाहावे. सेंट ब्राउनने २०२१ मध्ये पहिल्या ११ सामन्यांत ३९ झेल घेतले आणि एकही टचडाउन केला नाही. शेवटच्या ६ सामन्यांत त्याने ५१ झेल, ५६० यार्ड आणि ५ टचडाउन केले. वर्षाच्या बेरजेत तो एक चांगला नवोदित दिसतो, पण शेवटचे ६ सामने वेगळे काढले तर पुढच्या काही वर्षांचा मोठा रिसीव्हर दिसतो. जेफरसनलाही पहिल्या दोन सामन्यांत मिळून ७० यार्ड मिळाले होते, तिसऱ्यात एकट्यात १७५ मिळाले. तेव्हा सप्टेंबरमध्ये कोणालाही विकू नये.

पहिले वर्ष वाईट गेले तर काय करावे, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. डेव्हॉन्टे ॲडम्सने २०१४ मध्ये ४४६ आणि २०१५ मध्ये ४८३ यार्ड केले, आणि तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड व १२ टचडाउन केले. हे उदाहरण देऊन लोक नापास झालेल्या रिसीव्हरला वर्षानुवर्षे सांभाळतात. माझा निकष असा आहे की, खेळाडू जखमी होता किंवा त्याच्यापुढे दोन सिद्ध रिसीव्हर होते, तर थांबावे. पण तो तंदुरुस्त होता, जागा मोकळी होती, तो मैदानावर धावतही होता आणि तरी चेंडू त्याच्याकडे आला नाही, तर ड्राफ्ट क्रमांकाच्या आठवणीवर कोणी किंमत देत असेल तोवर त्याला विकावे. ती आठवण सुमारे एक वर्ष टिकते.

उलट्या बाजूची फसगतही लक्षात ठेवावी. जूजू स्मिथ-शूस्टरने २०१८ मध्ये, दुसऱ्याच वर्षी, १११ झेल आणि १,४२६ यार्ड केले आणि तेव्हा तो अवघ्या २२ वर्षांचा होता. डायनेस्टीत त्याची किंमत आकाशाला भिडली. मात्र बचावाचे लक्ष त्या काळात त्याच्याच संघातल्या अँटोनियो ब्राउनवर असे. ब्राउन गेल्यावर, २०१९ मध्ये, जूजूचे ५५२ यार्ड झाले. त्या वर्षी तो जखमी झाला आणि क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गरही बाहेर होता, हे खरे आहे, पण १,४२६ यार्डांचा हंगाम त्याच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

एक सराव: २०२३ चे चार सलग रिसीव्हर

२०२३ मध्ये २० ते २३ या चार सलग क्रमांकांवर चार रिसीव्हर गेले. सिॲटलने स्मिथ-एन्जिग्बाला, चार्जर्सनी टीसीयूच्या क्वेंटिन जॉन्स्टनला, बाल्टिमोरने बॉस्टन कॉलेजच्या झे फ्लॉवर्सला आणि मिनेसोटाने यूएससीच्या जॉर्डन ॲडिसनला घेतले. दुसऱ्या पायरीवर चौघेही सारखे आहेत, म्हणून सरावाला याहून चांगला संच मिळणार नाही.

पहिल्या हंगामात ॲडिसनने ७० झेलांत ९११ यार्ड आणि १० टचडाउन केले, फ्लॉवर्सने ७७ झेलांत ८५८ यार्ड आणि ५ टचडाउन, स्मिथ-एन्जिग्बाने ६३ झेलांत ६२८ यार्ड आणि ४ टचडाउन, आणि जॉन्स्टनने ३८ झेलांत ४३१ यार्ड आणि २ टचडाउन. गुणांवरून क्रम लावला तर ॲडिसन पहिला येतो आणि स्मिथ-एन्जिग्बा तिसरा. आता आठव्या पायरीचे प्रश्न विचारावेत. ॲडिसनच्या सुमारे २२१ गुणांपैकी ६० गुण टचडाउनचे होते आणि जेफरसन त्या वर्षी सात सामने बाहेर होता, म्हणून हा वाटा जसाच्या तसा पुढे धरता येत नाही. फ्लॉवर्सचा वाटा स्वतःचा होता आणि तो पहिल्या आठवड्यापासून स्थिर होता. जॉन्स्टनच्या संघातला माइक विल्यम्स तिसऱ्याच आठवड्यात गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला, म्हणजे जागा मोकळी होती, आणि तरीही ती जॉन्स्टनला भरता आली नाही. स्मिथ-एन्जिग्बाच्या पुढे मेटकाफ आणि टायलर लॉकेट हे दोन सिद्ध रिसीव्हर होते, ऑगस्टमध्ये त्याचे मनगट मोडले होते, आणि कॉलेजात दोन उत्तम सहकाऱ्यांच्या उपस्थितीतला त्याचा वाटा आपण तिसऱ्या पायरीत पाहिलाच आहे. २०२४ च्या वसंतात चौघांपैकी कोणाची मागितली जाणारी किंमत आणि खरी किंमत यांत सर्वांत मोठे अंतर होते, याचे उत्तर या नोंदींतच होते. त्या हंगामात फ्लॉवर्सने १,०५९ यार्ड केले, ॲडिसनने ८७५, जॉन्स्टनने ७११, आणि स्मिथ-एन्जिग्बाने १०० झेलांत १,१३० यार्ड केले.